डीओ म्हणजे कोणते डॉक्टर, आणि अमेरिकेत त्या कॉलेजला अ‍ॅडमिशन घ्यायला काय काय लागतं

व्हाइट हाऊसमधून राष्ट्राध्यक्षांच्या तब्येतीचं पत्रक बाहेर आलं की खाली डॉक्टरांची सही असते, आणि नावापुढे बऱ्याचदा एमडी नसतं, डीओ असतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ट्रम्पना कोविड झाला तेव्हा वॉल्टर रीड हॉस्पिटलबाहेर उभं राहून पत्रकारांना उत्तरं देणारे डॉ. शॉन कॉनली डीओ, बायडन यांचे डॉ. केविन ओ'कॉनर डीओ, आणि ट्रम्प यांच्या दुसऱ्या टर्ममधले डॉ. शॉन बार्बाबेला हेही डीओच. दर वेळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, हे खरे डॉक्टर आहेत का, की वेगळ्याच कुठल्यातरी पॅथीवाले?

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता हा प्रश्न नुसता कुतूहलाचा राहिलेला नाही, कारण तिथे मेडिकल शिकणाऱ्या साधारण दर चार मुलांमधलं एक मूल आज डीओ कॉलेजात आहे. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, मेडिकलची तयारी चालू, आणि घरात ठरलेलं असतं की आधी एमडीचं बघू, नाहीच जमलं तर डीओ आहेच की. हे "आहेच की" ऐकलं ना, की मला खरंच काळजी वाटते. डीओ हा चांगला, पूर्ण डॉक्टर होण्याचा मार्ग आहे, पण त्याच्या स्वतःच्या अटी आहेत, स्वतःचं वेळापत्रक आहे, आणि शेवटी उरलेला पर्याय म्हणून त्याच्याकडे गेलात तर तिथेही नकार येतो आणि वर्ष जातं ते जातंच.

## आधी मुळातलं

अमेरिकेत पूर्ण डॉक्टर व्हायच्या दोन पदव्या आहेत. एक एमडी आणि दुसरी डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. दोन्ही चार वर्षांच्या, दोन्ही बॅचलर्स डिग्रीनंतरच्या, दोन्हीनंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं एखाद्या शाखेचं प्रशिक्षण, करावी लागते, आणि दोघांनाही पन्नासही राज्यांत औषधं लिहून द्यायचा, ऑपरेशन करायचा पूर्ण परवाना मिळतो. आपल्याकडे एक पोरगं स्टेट बोर्डातून येतं, दुसरं सीबीएसईतून, पुस्तकं थोडी वेगळी, परीक्षा वेगळी, पण पुढे एकाच कॉलेजच्या एकाच बाकावर दोघं बसतात आणि नोकरीला लागल्यावर तुझं बोर्ड कुठलं हे कोणी विचारत पण नाही, साधारण तसंच समजा.

फरक कशात? डीओच्या मुलांना शरीरशास्त्र, औषधशास्त्र, सर्जरी हे सगळं एमडीसारखंच शिकवतात आणि वर साधारण २०० तासांचं एक जादा शिक्षण असतं, ओएमटी, म्हणजे हाताने तपासून स्नायू, सांधे, मणके यांच्यावर करायचे उपचार. लॅबमध्ये रांगेने टेबलं असतात, एक मूल पालथं झोपतं, दुसरं त्याच्या पाठीवर बोटं ठेवून मणक्याच्या डाव्या-उजव्या बाजूचा फरक शोधतं, कुठे स्नायू घट्ट झालाय, श्वास घेताना कुठली बरगडी नीट हलत नाही, मग जागा बदलून पहिल्याने दुसऱ्याला तपासायचं. बोटांना ती सवय लागायला वेळ लागतो, आणि नंतर ज्या डीओंनी ओएमटी सोडूनच दिलं तेसुद्धा सांगतात की पेशंटला हात लावून तपासायची भीती तिथेच गेली.

हे सुरू केलं अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातला माणूस, १८६४ मध्ये त्याची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली आणि त्या वेळचं वैद्यक काहीच करू शकलं नाही. तेव्हा पाऱ्याची औषधं, रक्त काढणं असले प्रकार सर्रास चालायचे, त्यावरून त्याचा विश्वासच उडाला. १८७४ मध्ये त्याने आपली वेगळी पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्कसव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, त्यात पहिल्या बॅचपासून बायकांनाही प्रवेश होता. त्याच्या सगळ्या कल्पना आज टिकलेल्या नाहीत, टिकायलाही नकोत, पण शरीर एकसंध आहे, रचना आणि काम एकमेकांवर अवलंबून असतात, शरीराला स्वतःला सावरायची ताकद असते, ही सूत्रं डीओ कॉलेजं आजही शिकवतात.

मान्यता काही सहज मिळाली नाही. सैन्याने डीओ डॉक्टर घ्यायला परवानगी दिली ती १९६६ मध्ये, त्याच्या आधी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर ६५ डॉलर भरून डीओची एमडी करून घ्या असा प्रकार झाला आणि साधारण दोन हजार डॉक्टरांनी ती करूनही घेतली. सगळ्या राज्यांत पूर्ण परवाना मिळेपर्यंत १९७३ उजाडलं. म्हणजे जुन्या लोकांच्या मनातली शंका अगदीच हवेतली नाही, पण ती आता पन्नास वर्षं जुनी आहे.

## मग हे हाडवैद्य किंवा कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके बसवणारे, नाहीत का?

नाहीत. हा गोंधळ होतो त्याचं कारण देशागणिक अर्थ बदलतो. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याखाली नोंदणी झालेले ऑस्टिओपॅथ असतात, ते हाताने उपचार करतात पण ते मेडिकल डॉक्टर नसतात. पुण्या-मुंबईत जिथे ऑस्टिओपॅथीची पाटी दिसते तिथे बहुतेक वेळा फिजिओथेरपी शिकलेला माणूस असतो, त्याचं काम चांगलं असेलही, पण अमेरिकेतल्या डीओशी त्याचा संबंध नाही. आणि उलटही खरं आहे, बाहेरच्या कुठल्या देशात ऑस्टिओपॅथीचा कोर्स केला म्हणून अमेरिकेत डीओ होता येत नाही, त्यासाठी अमेरिकेतल्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून चार वर्षं काढावी लागतात. ही मान्यता कोका नावाची संस्था देते, कॉलेज निवडताना पहिली गोष्ट ती बघा.

## अ‍ॅडमिशनला काय लागतं: डिग्री आणि विषय

बारावीनंतर थेट मेडिकल हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इथेच पहिली गडबड होते. अमेरिकेत आधी चार वर्षांची बॅचलर्स. कॉलेजं कागदोपत्री तीन-चतुर्थांश डिग्री किंवा ९० क्रेडिट झाले तरी चालेल म्हणतात, पण प्रत्यक्षात जवळजवळ सगळेच डिग्री घेऊनच येतात. मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, कुठलाही चालतो, इतिहास घ्या, संगीत घ्या, कॉम्प्युटर घ्या, फक्त ठरावीक विषय झालेले पाहिजेत. एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑरगॅनिक, एक वर्ष फिजिक्स, हे सगळं लॅबसकट, शिवाय इंग्रजी आणि बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री. कॉलेजागणिक थोडा फरक असतो, कोणाला स्टॅटिस्टिक्स हवं असतं, कोणी ऑनलाइन लॅब धरत नाही, म्हणून ज्या कॉलेजांना अर्ज करायचाय त्यांची पानं सेकंड इयरलाच उघडून बघा, शेवटच्या वर्षी नको.

## जीपीए, आणि सीनियरांचा जुना सल्ला

अर्ज होतो अ‍ॅकोमास नावाच्या एकाच सामायिक अर्जावरून, त्यातून हव्या तितक्या डीओ कॉलेजांना पाठवता येतं. एमडीचा अर्ज वेगळा, त्याचं नाव अ‍ॅमकास. टेक्सासची सरकारी कॉलेजं तिसऱ्याच अर्जाने घेतात, फोर्ट वर्थचं डीओ कॉलेजही त्यातच येतं.

आता अ‍ॅकोमास जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली सगळ्या ग्रेडची सरासरी, कसा काढतं हे नीट बघा, कारण घरात माहीत असलेला जीपीए आणि त्यांचा जीपीए यात फरक पडतो. तुम्ही आयुष्यात कुठल्याही कॉलेजात घेतलेला प्रत्येक कोर्स त्यात धरतात. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचा कोर्स केला होता, ड्युअल एनरोलमेंट म्हणतात तो, त्यातला सी पण धरतात. माझ्या भाचीचा अर्ज भरताना मी शेजारी बसले होते, एकेक ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, उघडायचं, एकेका कोर्सचं नाव, नंबर, क्रेडिट, ग्रेड टाइप करायची, हा बायोलॉजीत टाकायचा की इतर सायन्समध्ये हे ठरवायचं, आणि मग अकरावीतल्या उन्हाळ्यात घेतलेला एक कोर्स वर आला जो सगळे विसरून गेले होते. तो कोर्स लपवायचा नसतो बरं का, ट्रान्सक्रिप्ट राहिलं तर अर्ज अडकतो, आणि मुद्दाम लपवलं असं दिसलं तर प्रकरण फार वाईट होतं.

शिवाय ते सायन्सचा जीपीए वेगळा काढतात आणि त्यात गणित धरत नाहीत. एमडीच्या अर्जात मात्र गणित धरतात. आपली मुलं गणितात ए आणून एकूण आकडा वर ठेवतात आणि ऑरगॅनिकमध्ये मार खातात, त्यांचा डीओच्या अर्जातला सायन्स जीपीए अचानक खाली दिसतो.

आणि तो जुना सल्ला. एके काळी डीओमध्ये एखादा विषय परत देऊन चांगली ग्रेड आणली की जुनी ग्रेड पुसली जायची. खराब सुरुवात झालेल्या कित्येक मुलांना त्याने हात दिला, आणि म्हणून अजूनही मंडळाच्या गेट-टुगेदरमध्ये कोणीतरी काका सांगतात, काळजी नको, सी आला तर परत दे, डीओत तो मोजत नाहीत. २०१७ पासून ही सोय बंद आहे. आता सगळे प्रयत्न धरून सरासरी निघते. विषय परत देण्यात अर्थ आहेच, चढता आलेख दिसतो आणि कॉलेजं तो बघतातही, पण जुना सी कुठे जात नाही.

कमीत कमी किती हवा? बऱ्याच कॉलेजांची कागदावरची अट ३.० च्या आसपास असते. पण अट म्हणजे प्रवेश नाही, प्रत्यक्षात शिरलेल्या मुलांची सरासरी ३.६ च्या जवळपास आहे.

## एमकॅट

एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, एमडी आणि डीओ दोन्हीकडे एकच. चार भाग, प्रत्येक भागाला ११८ ते १३२ गुण, म्हणजे एकूण ४७२ ते ५२८, मधला बिंदू ५००. ब्रेक धरून साडेसात तासांचा दिवस होतो. डीओत शिरलेल्यांची सरासरी ५०४ च्या आसपास, एमडीत ५१२ च्या आसपास. ५०४ ऐकून "एवढेच?" वाटतं, पण परीक्षेला बसणारी मुलं सगळी मेडिकलला जायला निघालेली असतात आणि ५०४ म्हणजे त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या पुढे.

यातला एक भाग नुसता वाचनाचा आहे. तत्त्वज्ञान, कला, समाज अशा विषयांवरचे उतारे आणि त्यावर प्रश्न, पाठांतराला जागाच नाही. सायन्समध्ये हुशार मुलं बऱ्याचदा इथेच अडतात, आणि हा भाग तीन महिन्यांच्या क्लासने सुधारत नाही, त्याला लहानपणापासूनचं वाचन लागतं. परीक्षा वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते आणि आधीचे स्कोअर कॉलेजांना दिसतात, म्हणून "बघू तरी कशी असते" म्हणून बसू नका.

## डीओच का? हा प्रश्न खरा आहे

इथे मला थोडं थांबायचंय, कारण आकडे बरे असलेली मुलं इथेच पडतात. डीओ कॉलेजांना पक्कं माहीत असतं की समोरच्या अर्जदाराने एमडीलाही अर्ज केलेला आहे. त्याबद्दल त्यांचा राग नसतो. पण आमच्याकडे यायचंय का, आम्ही काय शिकवतो हे तुला माहीत आहे का, हे ते निबंधात शोधतात, कॉलेजाच्या दुसऱ्या फेरीच्या प्रश्नांत शोधतात आणि इंटरव्ह्यूत तर तोंडावर विचारतात.

म्हणून बरीच कॉलेजं डॉक्टरचं शिफारसपत्र मागतात आणि ते डीओचं असेल तर उत्तम असं सांगतात, काही ठिकाणी डॉक्टरचं पत्र सक्तीचंच असतं. डीओचं पत्र मिळवायचं तर आधी डीओबरोबर वेळ घालवायला लागतो. याला शॅडोइंग म्हणतात, म्हणजे डॉक्टरच्या मागे उभं राहून त्यांचं काम बघणं, आणि परवानगीशिवाय कशालाही हात न लावणं. दोन दिवस जाऊन पत्र मागितलं तर पत्रही दोन दिवसांचंच दिसतं. आठवड्यातून एक दुपार असं काही महिने गेलात तर डॉक्टर तुम्हाला ओळखायला लागतात.

तिथे काय बघायचं ते सांगते. एक बाई येते, सारखं डोकं दुखतं म्हणून. डॉक्टर बीपी बघतात, औषधं विचारतात, झोप कशी लागते, काम काय करते, आणि मग मागे जाऊन मानेच्या कण्यावरून हळूच बोटं फिरवतात, खांदा वर करायला लावतात, आणि कॉम्प्युटरची स्क्रीन कुठल्या बाजूला आहे असं विचारतात. मुलाने हे बघितलं असेल, आणि त्याला त्यातून काय वाटलं ते त्याच्या शब्दांत लिहिता आलं, तर "डीओच का" याचं उत्तर आपोआप तयार होतं. याउलट वेबसाइटवरून उचललेलं "शरीर, मन आणि आत्मा" एवढंच वाक्य घेऊन गेलं तर समोरच्यांनी ते त्याच सकाळी तीनदा ऐकलेलं असतं.

अ‍ॅकोमासचा निबंध ५३०० अक्षरांचा, त्यात मोकळ्या जागाही धरतात. आईबाबांनी तो लिहून देऊ नये. वाचा, प्रश्न विचारा, पण लिहू नका, इंटरव्ह्यूत त्यातल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवतात आणि मुलाला ती ओळ स्वतःची वाटली नाही तर चेहऱ्यावर दिसतं.

बाकी पेशंटांमध्ये केलेलं काम लागतं, अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटी म्हणून, नर्सिंग होममध्ये, क्लिनिकमध्ये स्क्राइब, म्हणजे डॉक्टरच्या नोंदी टिपून घेणारा, म्हणून, आणि समाजसेवाही लागते. रिसर्चचा भार डीओत एमडीच्या मानाने कमी असतो, असला तर चांगलंच. काही कॉलेजं कॅस्परसारखी ऑनलाइन परीक्षा घेतात, अवघड प्रसंगात तू काय करशील असे प्रश्न असतात त्यात.

## डेडलाइन मार्चची आहे ना, मग घाई कशाला?

ही सगळ्यात महागडी गैरसमजूत. अ‍ॅकोमास मेच्या सुरुवातीला उघडतं, जूनच्या मध्यापासून अर्ज कॉलेजांकडे जायला लागतात, आणि काही कॉलेजांची शेवटची तारीख पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत असते. पण जागा भरणं रोलिंग पद्धतीने होतं, म्हणजे अर्ज आला, वाचला, इंटरव्ह्यू झाला, जागा दिली, तशी भरत जाते. एमडीचे नकार यायला लागल्यावर जानेवारीत डीओचा अर्ज टाकला तर तुम्ही नियमात असता, पण बऱ्याच जागा तोवर गेलेल्या असतात, आणि त्याच मुलाने तोच अर्ज जूनमध्ये टाकला असता तर कदाचित सप्टेंबरमध्ये इंटरव्ह्यू झाला असता.

दोन्ही अर्ज एकाच उन्हाळ्यात करा, परवानगी आहे. खर्च होतो हे खरं, पहिल्या कॉलेजसकट अ‍ॅकोमासची फी साधारण २०० डॉलर, पुढच्या प्रत्येक कॉलेजला वेगळे पैसे, वर दुसऱ्या फेरीची फी. कमी उत्पन्न असेल तर फी माफीचा अर्ज करता येतो, तो आधी करायचा, पैसे भरल्यावर नाही. जागा मिळाली की डिपॉझिट मागतात, तेही हजाराच्या पुढे असू शकतं आणि बऱ्याचदा परत मिळत नाही.

## मार्क कमी लागतात म्हणजे डॉक्टर कमी दर्जाचा, असंच ना?

हा आक्षेप मी टाळणार नाही. आकडे सरासरीने कमी आहेत, लपवण्यात अर्थ नाही. पण दार कसं उघडलं यावर डॉक्टर ठरत नाही, पुढे काय पार केलं यावर ठरतो. डीओच्या मुलांना कॉम्लेक्स नावाच्या परवाना परीक्षा पास व्हाव्या लागतात, आणि त्यातली बरीच मुलं एमडीवाल्यांची यूएसएमएलई पण देतात, म्हणजे दोन-दोन. रेसिडेन्सीची मान्यता २०२० पासून दोघांची एकच झाली आहे, एकाच वॉर्डात, एकाच सीनियरच्या हाताखाली. रेसिडेन्सी मिळण्याचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत डीओंचं ९२ ते ९३ टक्के, अमेरिकेतल्या एमडींचं ९३ ते ९४.

फरक पडतो तो कुठली रेसिडेन्सी मिळते यात. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, स्किन, कान-नाक-घसा इथे डीओंना आजही जास्त झगडावं लागतं, काही मोठी हॉस्पिटलं त्यांना फारसं घेत नाहीत. सर्जन होता येतं, डीओ सर्जन आहेत आणि उत्तम आहेत, पण मुलीला पहिल्या दिवसापासून न्यूरोसर्जरीच करायची असेल तर हा विचार आधी करा. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, बालरोग, इमर्जन्सी, मानसोपचार इथे काही अडत नाही. निम्म्याहून जास्त डीओ प्राथमिक उपचारांच्या शाखांमध्ये जातात, आणि अमेरिकेच्या छोट्या गावांत जिथे मैलोगणती डॉक्टर नाही तिथे तेच उभे असतात. मला हे कमी दर्जाचं काम वाटत नाही.

ओएमटीवर मात्र एक रास्त टीका आहे. कंबरदुखीसाठी त्याला बऱ्यापैकी आधार आहे, पण कवटीच्या हाडांची सूक्ष्म हालचाल हाताने जाणवते असं सांगणारा जो क्रेनियल प्रकार आहे त्याला भक्कम पुरावा नाही. विद्यार्थ्यांनाही हे माहीत असतं आणि ते आपसात उघडपणे बोलतात.

## एच-फोरवरची मुलं, आणि भारतातून येणारे

इथे आपल्या लोकांना खरा फटका बसतो. आईबाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत, मूल लहानपणी आलेलं, इथेच वाढलेलं, पण २१ पूर्ण झाली की त्याचा एच-फोर, म्हणजे आईबाबांवर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा, संपतो आणि स्टुडंट व्हिसा घ्यावा लागतो. मग ते मूल मेडिकल कॉलेजच्या नजरेत परदेशी विद्यार्थी. कित्येक कॉलेजं, खासकरून सरकारी, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. काही डीओ कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतात, पण सरकारी कर्ज मिळत नाही आणि काही ठिकाणी फीचे पैसे आधीच खात्यात दाखवायला लावतात. यादी करताना पहिला रकाना हाच ठेवा, बाकी सगळं नंतर.

भारतातून बीएस्सी करून थेट अर्ज करायचा विचार असेल तर ट्रान्सक्रिप्टचं मूल्यमापन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, आणि बरीच कॉलेजं लागणारे विषय अमेरिकेत किंवा कॅनडातच केलेले मागतात. एमबीबीएस झालेल्यांनी सहसा या वाटेला जायची गरज नसते, ते यूएसएमएलई देऊन ईसीएफएमजी या परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेमार्फत रेसिडेन्सीला अर्ज करतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या परदेशी डॉक्टरांसाठी न्यूयॉर्कच्या एनवायआयटी कॉलेजात मात्र डीओ देणारा खास कार्यक्रम आहे.

आणि शिकून परत महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची असेल तर सावध राहा. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्ड असलेल्या, म्हणजे परदेशी नागरिकत्वाच्या भारतीय वंशाच्या, मुलांना बाहेर मेडिकल करायला जायच्या आधी 'नीट' ही भारतातली प्रवेश परीक्षा पास होण्याची अट २०१८ पासून आहे, आणि २०२१ च्या नियमांत कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा असं लिहिलंय, अमेरिकेतली डीओ चार वर्षांची. फी भरायच्या आधी नॅशनल मेडिकल कमिशनकडून लेखी उत्तर घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

## पैसे

खासगी डीओ कॉलेजची नुसती फी वर्षाला ५५ ते ६५ हजार डॉलरच्या घरात जाते, राहणं-खाणं वेगळं. आधी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज पूर्ण खर्चाएवढं मिळायचं. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ते बंद, आणि मेडिकलच्या मुलांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. हा नियम एमडी, डीओ दोघांनाही सारखाच, पण डीओ कॉलेजं बहुतेक खासगी, त्यामुळे वरची रक्कम खासगी बँकेकडून घ्यायची वेळ जास्त येते, आणि बँक सहकर्जदार मागते. म्हणजे सही आईबाबांची. घरावर आधीच कर्ज असेल, निवृत्ती जवळ असेल तर हे बोलणं अर्ज भरायच्या आधी जेवणाच्या टेबलावर व्हायला हवं. मूल नागरिक असेल तर सैन्याची एचपीएसपी शिष्यवृत्ती आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची शिष्यवृत्ती दोन्ही डीओंना खुल्या आहेत, बदल्यात काही वर्षं सेवा द्यायची. मिशिगन, ओहायो, ओक्लाहोमा, वेस्ट व्हर्जिनिया इथल्या सरकारी डीओ कॉलेजांत राज्यातल्या मुलांना झुकतं माप असतं आणि फीही कमी, तिथे राहत असाल तर तिथूनच सुरुवात करा.

## इंटरव्ह्यूच्या दिवशी तुम्हीही विचारा

गेल्या काही वर्षांत नवी डीओ कॉलेजं भराभर निघाली आहेत आणि सगळी सारखी नाहीत. बऱ्याच कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. पहिली दोन वर्षं छान इमारतीत जातात आणि तिसऱ्या वर्षी मुलांना लांबच्या गावांतल्या हॉस्पिटलांत पाठवतात, कधी दर काही आठवड्यांनी नवं घर शोधत, त्या भाड्याचे पैसे वेगळे. म्हणून मुलाने इंटरव्ह्यूत विचारायचं, तिसऱ्या वर्षाची रोटेशन, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने काम करत शिकणं, कुठल्या हॉस्पिटलांत होतात, जागा चिठ्ठीने मिळते की निवडता येते, तिथे शिकवायला रेसिडेंट असतात का, मागच्या बॅचमधली मुलं कुठल्या रेसिडेन्सीला गेली आणि पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती वेळेत पास झाली. कॉलेज चांगलं असेल तर ही उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात, आणि नसतील तर त्याच दुपारी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन हेच प्रश्न विचारा, ती सहसा खरं सांगतात.